घरच्या माणसांवरची यमकी चित्रपुस्तकं: ठेक्यात वाचावीत की थांबत थांबत?

पानपलटी

पानभर चित्र आणि खाली यमक जुळवलेल्या दोन ओळी. विषय आई, बाबा, आजी-आजोबा, मामा-मावशी, घरात आलेलं नवं बाळ. अशी पुस्तकं २ ते ५ वर्षांच्या मुलांना कशी वाचून दाखवावीत, यावर दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ठेका धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. दुसरा म्हणतो, प्रत्येक चित्रावर थांबा, विचारा, मुलाला बोलतं करा. दोन्ही एकदम करायला गेलं की यमकाचा दुसरा शब्द येईपर्यंत पहिला विसरलेला असतो.

तर प्रश्न तीन. ठेका आधी की गप्पा आधी? पुस्तकात आजोबा आहेत आणि घरात नाहीत, किंवा घरात त्यांना 'नाना' म्हणतात, तर वाचताना शब्द बदलावा का? आणि तेच ते पुस्तक पंधरा दिवस रोज मागितलं जातं तेव्हा ते लपवून ठेवावं की वाचावं?

ठेकेदार

ठेका आधी. (नावाला जागलो.)

यमक ऐकू येण्यासाठी पहिला शब्द कानात असतानाच दुसरा यावा लागतो. मध्ये "हे कोण? चष्मा कुठल्या रंगाचा?" घुसलं की मुलाच्या लेखी ती दोन सुटी वाक्यं होतात. मग यमकी पुस्तक घेतलंच कशाला?

पद्धत अशी. पहिल्या दिवशी मुखपृष्ठावर अर्धा-एक मिनिट: कोण कोण दिसतंय एवढंच. मग अख्खं पुस्तक न थांबता. नेहमीचं ३२ पानी पुस्तक असेल तर गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) मिळतात. प्रत्येकी १५-२० सेकंद धरले तर चार-पाच मिनिटांत संपतं. मूल बोटाने काही दाखवत असेल तर बघा, हुंकार द्या, पण दोन ओळी पूर्ण करून. बोलायचं ते पान उलटताना. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही हेच.

चौथ्या-पाचव्या वाचनाला शेवटचा शब्द गाळा. समजा ओळी अशा आहेत:

आजोबांचा चष्मा कुठे?
शोधायाला बाळच उठे.

"शोधायाला बाळच..." इथे थांबायचं. मनात तीन आकडे मोजायचे. नजर चित्रावर ठेवा, मुलाच्या तोंडाकडे परीक्षकासारखं बघू नका. शब्द आला तर उत्तम. नाही आला तर त्याच चालीत आपणच म्हणून पुढे जायचं. "सांग ना, सांग ना" केलं की खेळ संपला आणि तोंडी परीक्षा सुरू झाली.

हमखास होणारी चूक: पहिल्या ओळीच्या शेवटी थांबणं. "आजोबांचा चष्मा..." इथे मुलाकडे कुठलाच धागा नसतो. अंदाज बांधता येतो तो दुसऱ्या ओळीलाच. शिवाय २-अडीच वर्षांच्यांना गाळलेला शब्द चित्रात दिसणारी वस्तू किंवा माणूस असेल तर सोपा जातो. वरच्या ओळीतलं 'उठे' त्या मानाने अवघडच. दोनच्या आतलं मूल शब्द म्हणेलच असं नाही, ते बोट दाखवेल, उडी मारेल, 'ए' असा नुसता स्वर काढेल. ते उत्तरच धरा.

चष्मेबहाद्दर

माझ्या आयडीवरून कविता केलीत का?

चष्मेबहाद्दर

आता गंभीरपणे. ठेकेदार, तुमच्या पद्धतीत एक खड्डा आहे. मुलं ठेक्यावर अख्खं पुस्तक पाठ म्हणतात आणि 'शोधायाला' म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसतं. पाठांतराला आपण समज धरून बसतो.

१९८८ मध्ये व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संवादी वाचनाची पद्धत मांडली. त्यात हळूहळू मूल सांगणारं होतं आणि मोठा माणूस ऐकणारा. एक फेरी चार पायऱ्यांची असते: विचारा, उत्तराला दाद द्या, त्यात एक-दोन शब्द वाढवा, आणि वाढवलेलं वाक्य मुलाला परत म्हणू द्या. "हे कोण?" "आबा." "हो, आबा. आबा पलंगाखाली शोधतायत." "आबा पलंगाखाली!" एवढंच. हे नसेल तर पुस्तक म्हणजे फक्त गाणं.

ठेकेदार

@चष्मेबहाद्दर, पद्धत मान्य, वेळ अमान्य. हीच फेरी पान उलटण्याआधी, दोन ओळी संपल्यावर करा. आणि प्रत्येक पानावर नको. एका वाचनात तीन जागा निवडा, उद्या दुसऱ्या तीन. १४ पानांवर १४ प्रश्न म्हणजे पुस्तक अर्ध्यात मिटणार, आणि मिटणारे हात मुलाचे असतील.

शिवाय गाळलेली जागा भरायला लावणं हासुद्धा त्या पद्धतीतलाच एक प्रश्नप्रकार आहे. यमकी पुस्तकात तो आयता मिळतो.

लघुगुरू

दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण तिथे बहुतेकांचा ठेका मोडतो आणि दोष पुस्तकावर जातो.

मात्रा (अक्षर म्हणायला लागणारा वेळ) मोजायच्या कशा: ह्रस्व अक्षर १ मात्रा, दीर्घ २, पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर त्याच्या आधीचं ह्रस्वही २. वरची ओळ: आ-जो-बां-चा म्हणजे ८. चष्-मा-कु-ठे म्हणजे २+२+१+२ = ७, आणि आठवी मात्रा शेवटच्या थांब्यात जाते. दुसरी ओळ: शो-धा-या-ला ८, बा-ळ-च-उ-ठे ७. दोन्हीकडे ८ अधिक ७, म्हणून म्हणताना अडखळत नाही.

आता आजोबांच्या जागी नाना घाला. "नानांचा चष्मा कुठे" यात पहिल्या तुकड्याला ६ मात्रा उरतात, दोन कमी. जीभ आपोआप 'नानांऽऽचा' असं ताणते आणि मूल हसतं किंवा गोंधळतं. उपाय दोन मात्रांचं भरताड: "नानांचा तो चष्मा कुठे". झालं. आजीचा तो, ताईचा तो, आत्याचा तो, पप्पांचा तो, सगळे बसतात.

ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. आई, बाबा, आजी, काका, काकू, मामा, मामी, आत्या, दादा, ताई, पप्पा, मम्मी, नाना, अण्णा हे सगळे ४ मात्रांचे, एकमेकांच्या जागी बिनधास्त बदला. आजोबा आणि पणजोबा दोन्ही ६, तेही एकमेकांत चालतात. मावशी लिहिताना ५, पण बोलताना आपण 'माव्शी' म्हणतो, त्यामुळे ती ४ च्या जागेत मावते.

खोडरबर

मावशी मावते! पुढच्या पुस्तकाचं नाव मिळालं.

व्याकरणकाकू

लघुगुरू, मात्रा जुळल्या तरी तुमचं काम अर्धंच झालंय. मराठीत नातं बदललं की क्रियापद बदलतं, आणि यमक बहुतेक वेळा क्रियापदावरच असतं. हे बघा:

मामा आला, मामा बसला,
पिशवीमधला उंदिर हसला.

मामाची मावशी केलीत की "मावशी आली, मावशी बसली, पिशवीमधला उंदिर हसला". बसली-हसला, यमक गेलं. मग दुसऱ्या ओळीतला प्राणीही बदलावा लागतो:

मावशी आली, मावशी बसली,
पिशवीमधली चिमणी हसली.

आदरार्थी माणूस आला तर अनेकवचन. तिथे प्राणी तोच ठेवून संख्या वाढवा, म्हणजे पिशवीत एकाऐवजी अनेक:

आबा आले, आबा बसले,
पिशवीमधले उंदिर हसले.

आणि नपुंसकलिंगी बाळ:

बाळच आलं, बाळच बसलं,
पिशवीमधलं पिल्लू हसलं.

चित्रात उंदीरच काढलेला असतो, ही अडचण उरते. चार वर्षांचं मूल "ही चिमणी नाहीये!" म्हणून तुम्हाला पकडणारच. म्हणून वाचनाच्या ओघात बदल करू नका. घरातल्या माणसाचं कडवं आधी कागदावर रचा, छोट्या चिठ्ठीवर लिहा आणि पानाच्या कडेला अलगद निघणाऱ्या चिकटचिठ्ठीने लावा. उद्या काकू वाचणार असतील तर त्यांनाही तेच शब्द मिळतात. दोघांनी दोन तऱ्हेने वाचलेलं मुलांना अजिबात खपत नाही.

अजून एक. छापलेलं असतं "झाले", "गेले", "मोठे", आणि आपण बोलण्याच्या सवयीने वाचतो "झालं", "गेलं", "मोठं". एका ओळीत असं आणि दुसरीत तसं झालं की यमक तिथेच फुटतं. कुठलंही एक रूप घ्या, पण दोन्ही ओळींना तेच.

पानपलटी

हे चिठ्ठीचं भारी आहे. म्हणजे शब्द बदलायचा, पण आयत्या वेळी नाही.

चांदोबाचा शेजारी

अवांतर: आजोबांच्या शेजारी नेहमी चांदोबा, वाघोबा नाहीतर नागोबाच का उभे असतात?

लघुगुरू

कारण '-ओबा'ला दुसरं मिळतंय काय! यमकाची सोय पुस्तकाची पात्रंही ठरवते. भाऊ म्हटलं की खाऊ, जाऊ, गाऊ रांगेत उभे. आई म्हटलं की घाई, ताई, शाई. काका म्हटलं की हाका. बहीण म्हटलं की? पाहीन, राहीन. तेही ण-न चं कच्चं जोडकाम. म्हणूनच पुस्तकांत 'बहीण' क्वचित आणि 'ताई' सर्रास. धाकटी बहीण असेल तर आणखी पंचाईत, तिला ताई म्हणता येत नाही, मग ती 'छोटी' किंवा 'बाळ' होते.

व्याकरणकाकू

@लघुगुरू, मावशीला धावशी-लावशी असे जुने कवितेतले प्रकार मिळतात, पण ते लहान मुलांच्या तोंडी ठेवू नयेत. आणि डोळ्यांना दिसणारी यमकं तपासून घ्या. 'राजा' आणि 'माझा' कागदावर जवळचे दिसतात, पण राजातला ज तालव्य (टाळूला जीभ लावून म्हटलेला) आणि माझातला झ दंततालव्य (दातांजवळचा), मोठ्याने म्हटलं की फरक कळतो. 'आजी-माझी' मात्र कानाला बरं लागतं, कारण पुढे ई आली की दोन्ही तालव्य होतात. विकत घेण्याआधी तीन पानं मोठ्याने वाचून बघा. मनात वाचलेलं यमक नेहमीच जुळतं.

जोडपान

कोणी वस्तूबद्दल बोलतच नाहीये, म्हणून थोडं.

दीड-दोन वर्षांपर्यंत जाड पुठ्ठ्याच्या पानांचं. पानं कमी असतात, पण मूल ती स्वतः उलटू शकतं, आणि ठेक्यावर पान उलटणं हा त्याचा वाटा असतो. तीनच्या आत पातळ कागद दिलात तर फाटणार. त्यात मुलाची चूक नाही, चिमटीत एकच पान धरायची ताकद आणि अंदाज अजून यायचा असतो. पान उलटताना कोपरा तुम्ही अर्धा इंच उचलून द्या, पुढचं ते करेल.

बांधणी बघा. मधोमध दोऱ्याने किंवा पिनांनी शिवलेलं पुस्तक सपाट उघडतं. पिना असतील तर टोकं आत नीट दाबलेली आहेत का ते बोट फिरवून तपासा. कण्याला नुसता गोंद लावलेलं पुस्तक सपाट उघडत नाही, मग आपण ते दाबतो, आणि पानं सुटी होतात. शिवाय जोडपानावर पसरलेल्या चित्राचा मधला भाग घडीत जातो. कुटुंबाच्या पुस्तकात त्या घडीत नेमका कोणाचा तरी चेहरा असतो!

अक्षर चित्रावर छापलेलं असेल तर संध्याकाळच्या दिव्यात वाचून बघा. गडद निळ्यावर काळी अक्षरं म्हणजे प्रत्येक ओळीला अडखळणं. तुम्ही अडखळलात की ठेका अडखळला.

पुठ्ठ्याचं पुस्तक ओल्या फडक्याने नाही, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पानं उघडी ठेवून उभं वाळवा. पाणी मुरलं की पुठ्ठ्याचे थर सुटतात. फाटलेल्या पानाला साधी पारदर्शक चिकटपट्टी लावली तर ती काही काळाने पिवळी पडते आणि डिंक कडेने बाहेर येऊन पुढचं पान चिकटतं. पुस्तकदुरुस्तीची वेगळी पट्टी मिळते, ती वापरा.

शंकासुर

यमकाने वाचायला लवकर येतं म्हणतात त्याला काही आधार आहे, की आपली गोड समजूत?

चष्मेबहाद्दर

आधार आहे. ब्रॅडली आणि ब्रायंट यांचा १९८३ चा अभ्यास 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला होता. सुमारे ४०० मुलं, वय ४-५. 'यातला न जुळणारा शब्द कोणता' असा खेळ: चार वर्षांच्यांना तीन शब्द, पाच वर्षांच्यांना चार. ज्यांना हा खेळ चांगला जमला, ती पुढे काही वर्षांनी वाचन-शुद्धलेखनात पुढे दिसली. घरी करायचा तर: आजी, राजी, काका. कोण वेगळं? लिहून नाही, नुसतं कानाने.

लघुगुरू

पण तो अभ्यास इंग्रजीचा. तिथे एकेका आवाजाला अक्षर, आणि तेही बेभरवशाचं. देवनागरीत आपण 'का', 'की', 'कू' असं अख्खं अक्षर लिहितो. म्हणून मराठीत यमकाइतकंच, किंबहुना आधी, शब्दाची अक्षरं टाळीने तोडणं उपयोगाचं. आ-जो-बा, तीन टाळ्या. मा-मा, दोन. घराच्या यादीतली सगळी माणसं टाळ्यांनी मोजा, कोणाला जास्त टाळ्या मिळतात बघा. इथे मात्रा विसरायच्या, फक्त ऐकू येणारे तुकडे. 'माव्शी'ला दोनच टाळ्या पडल्या तर दुरुस्त करू नका, मुलाचा कान बरोबर आहे.

शंकासुर

म्हणजे मावशीला कवितेत ४, लिहिताना ५ आणि टाळ्या २. बाईंचा हिशेब तपासायला हवा.

ठेकेदार

@पानपलटी, तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. लपवू नका. २०११ मध्ये हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग नेमका याबद्दल आहे. नवे शब्द सगळ्यांना सारख्याच वेळा ऐकवले, पण काहींना त्याच त्या गोष्टींतून आणि काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. तीच गोष्ट परत परत ऐकणाऱ्यांच्या लक्षात शब्द जास्त राहिले. आणि कर्स्टन रीड यांचं २०१४ चं काम यमकावर आहे: नवा शब्द यमकाने ओळखता येईल अशा जागी असला आणि त्याआधी क्षणभर थांबलं, तर शिकायला मदत होते. म्हणजे माझा तीन आकडे मोजण्याचा सल्ला अगदीच हवेतला नाही.

मात्र दहावं वाचन पहिल्यासारखं करायचं नाही. तोवर मुलाला शब्द येत असतात, तर तुम्ही मागे सरका. पहिली ओळ तुमची, दुसरी त्याची. मग एक दिवस मुद्दाम चूक करा: "शोधायाला मांजर उठे". तीन वर्षांच्या पुढच्यांना ही गंमत कळते. त्याआधी करू नका, रडू येतं, कारण तोवर ते पुस्तक म्हणजे भरवशाची गोष्ट असते.

झोपमोड

रात्री झोपताना हे गाळलेल्या जागा, चुका, टाळ्या केलं तर मूल अकरा वाजेपर्यंत जागं. मग काय?

ठेकेदार

रात्री फक्त संथ आणि न थांबता. आवाज हळूहळू उतरवत न्या, शेवटच्या दोन जोडपानांना जवळजवळ कुजबुज. खेळ सगळे दिवसा. दिवसाचं आणि रात्रीचं पुस्तक वेगळं ठेवलं तर आणखी बरं.

चष्मेबहाद्दर

यात भर: यमकी पुस्तक वाचताना हेल काढण्याचा मोह फार. टँ-टँ, टँ-टँ. सगळ्या ओळी एकसारख्या वर-खाली जातात आणि अर्थ वाहून जातो. ठेका बोटाने मांडीवर धरा, आवाज मात्र बोलल्यासारखा ठेवा. आजोबांचा संवाद आला की आवाज जाड, बाळाचा आला की बारीक, एवढा फरक पुरतो.

फळ्यापुढे

गटात वाचणाऱ्यांसाठी, कारण मांडीवरच्या वाचनाचे नियम १२ मुलांना लागू पडत नाहीत.

मुलं अर्धवर्तुळात, सर्वात लांबचं मूल दोन मीटरच्या आत. तुम्ही बुटक्या खुर्चीवर. पुस्तक मांडीवर नाही, खांद्याच्या उंचीला बाजूला धरायचं, पानं मुलांकडे. मग मजकूर तिरका दिसतो, म्हणून ओळी पाठ हव्यात किंवा पुस्तकाच्या मागच्या बाजूला कागदावर मोठ्या अक्षरात चिकटवून ठेवायच्या. ओळी म्हणून झाल्या की पुस्तक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. वाचता वाचता फिरवलं तर ज्याला चित्र दिसत नाही तो उठून पुढे येतो, मग सगळेच येतात.

गटात शब्द गाळला की तीन मोठ्या आवाजाची मुलंच म्हणतात. उपाय: सगळ्यांनी शब्दाऐवजी कृती करायची. 'चष्मा' आला की डोळ्यांपुढे बोटांची वर्तुळं. बोलायला लाजणारी मुलंही सामील होतात.

आता महत्त्वाचं. कुटुंबाचं पुस्तक संपलं की लगेच "आता आपापल्या आई-बाबांचं चित्र काढा" म्हणू नका. कोणाकडे फक्त आई असते, कोणाला आजी सांभाळते, कोणी दत्तक असतं, कोणाचे बाबा दूर राहतात, कोणाचे आजोबा मागच्याच महिन्यात गेलेले असतात. "तुझ्या घरात कोण कोण आहे, त्यांना काढ" म्हणा. कुत्रं काढलं तर तेही घरातलंच. फांद्या आखून दिलेला वंशवृक्षाचा छापील कागद वाटू नका, रिकामी फांदी मुलाच्या डोळ्यात भरते.

आणि एखादं मूल "माझे आबा वारले" म्हणालं तर ठेका बाजूला. पुस्तक मांडीवर ठेवा, "हो, तुझे आबा वारले. तुला त्यांची आठवण आली" इतकं साधं बोला. 'झोपले', 'देवाघरी फिरायला गेले' असं नको. लहान मुलं शब्दशः घेतात आणि झोपायला घाबरतात. मग बाकीच्यांना विचारा की पुढचं पान बघूया का. बहुतेक वेळा ते मूलच आधी हो म्हणतं.

व्याकरणकाकू

+१. आणि नवं बाळ येणार असेल तेव्हा आणलेल्या पुस्तकाबद्दल: सगळी पानं 'बाळ गोड, ताई शहाणी' अशीच असतील तर ते पुस्तक मोठ्या भावंडासाठी लिहिलेलं नाही, पाहुण्यांसाठी लिहिलेलं आहे. ज्यात ताई चिडते, बाळाचं रडणं तिला नकोसं होतं, असं एक तरी पान हवं. त्या पानावर दोन ओळींनंतर थांबा आणि प्रश्न विचारू नका. गप्प बसा. मूल स्वतःहून बोलेल, नाहीतर पान उलटेल. दोन्ही ठीक.

दोरासुई

छापील पुस्तकात आपली माणसं सापडत नसतील तर घरी करा. एक संध्याकाळ लागते.

ए४ आकाराचे ४ जाडसर कागद, १६० ते २०० जीएसएमचे (चौरस मीटरला ग्रॅम). एकात एक घालून मधोमध घडी. १६ पानं होतात. पहिलं-शेवटचं कव्हर, मधे ७ जोडपानं, म्हणजे ७ माणसं. जाड कागद घडीवर तडकतो, म्हणून आधी पट्टी ठेवून बोथट टोकाने रेघ दाबून घ्या आणि एकेक कागद वेगळा मोडा, मग एकत्र करा.

घडीवर तीन भोकं: एक मधोमध, दोन टोकांपासून ४ सेंटीमीटर आत. दोरा घडीच्या उंचीच्या अडीचपट, २१ सेंमीला साधारण ५५ सेंमी. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून बाहेरून आत, मधलं सोडून खालच्यातून आतून बाहेर, परत मधल्यातून आत. आत दोऱ्याची दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, मग त्या टाक्यावरून गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली तर गाठ सैल पडते आणि पानं हलतात.

लोखंडी कड्या, मणी, चिकटवलेले डोळे तीनच्या आतल्यांसाठी नकोत. तपासण्यासाठी माप: ३.२ सेंमी व्यासाच्या नळीत जी वस्तू मावते ती घशात अडकू शकते. कोपरे कात्रीने गोल करा. लॅमिनेट केलेल्या कागदाचे कोपरे तर टोचतातच.

चित्राऐवजी फोटो चालतो. एका पानावर एकच माणूस, चेहरा निदान ४-५ सेंमी, मागे गर्दी नको. लग्नातला वीस जणांचा फोटो दोन वर्षांच्या मुलासाठी म्हणजे नुसते ठिपके.

लघुगुरू

ओळी लिहिताना आधी माणसाची खरी सवय शोधा, मग यमक. उलट केलं की सगळ्या घरात चांदोबा. एक माणूस, एक सवय, एक वस्तू. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे, शेवटच्यात एक-दोन कमी चालतात. लिहून झालं की अशा माणसाला वाचायला द्या ज्याने ते ऐकलेलं नाही. तो अडखळतो तिथे दुरुस्ती हवी. आपण स्वतः वाचताना चुका जिभेने झाकतो.

खोडरबर

व्हिडिओतून ऐकवलं तर नाही का चालत? तालात असतं, चित्रं हलतात.

फळ्यापुढे

व्हिडिओ थांबत नाही. मुलाला शब्द सापडायला लागणारी ती दोन-तीन सेकंदं त्यात नसतात, आणि 'आबा!' म्हटल्यावर 'हो, आबा' म्हणणारंही कोणी नसतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोनच्या आत पडदा नको, २ ते ४ मध्ये दिवसाला तासाच्या आत. लांबच्या आत्याने स्वतः वाचून आवाज मुद्रित करून पाठवला तर मात्र उत्तम. फक्त तिला सांगा, प्रत्येक पान संपल्यावर पाच सेकंद गप्प राहा, म्हणजे पान उलटायला वेळ मिळतो.

चष्मेबहाद्दर

मूळ प्रश्नाकडे येतो. ठेकेदार, मी अर्धं मान्य करतो: पहिली तीन वाचनं न थांबता. पण चौथ्यापासून गप्पा हव्यातच, आणि 'शोधायाला' सारखा शब्द वाचनाआधीच एकदा खेळात वापरा. चष्मा उशीखाली ठेवा, "चला शोधायला" म्हणा. मग पुस्तकात तो शब्द आला की थांबावं लागत नाही.

ठेकेदार

हे घेतलं. माझ्या यादीत मुखपृष्ठाच्याही आधी.

पानपलटी

सर्वांचे आभार. एक शेवटचं अडलंय. घरात पणजी आहे. प-ण-जी म्हणजे ४ मात्रा, "पणजीचा तो चष्मा कुठे" बसतं. पण पणजी चष्मा लावत नाही, कवळी लावते.

लघुगुरू

"पणजीची ती कवळी कुठे". क-व-ळी ४, कु-ठे ३, सात झाले. दुसऱ्या ओळीला हातही लावू नका.

झोपमोड

बाळाने कवळी शोधून आणली की आधी धुवा.